वाड्याच्या चित्रातल्या तारा कुणी पुसल्या?

दौंड-नगर रस्त्यावरच्या कुठल्याही नव्या हॉटेलात शिरा. फॅमिली रूमच्या भिंतीवर व्हेनिस असतं. निळं पाणी, लांबुडकी होडी, मागे घुमट. मंगल कार्यालयाच्या जिन्यात पॅरिसचा पावसाळी रस्ता असतो. दवाखान्याच्या बाकड्यासमोर युरोपातलंच आणखी एखादं गाव. सगळं ऑनलाइन मागवलेलं, कॅनव्हासवर छापलेलं आणि हातानं रंगवल्यासारखं वाटावं म्हणून वरून खरखरीत केलेलं. आमचं काष्टी याच रस्त्यावर आहे, शनिवारच्या बैलबाजारासाठी लोकांना ठाऊक असलेलं गाव. इथून श्रीगोंदा जवळ. तिथं शिंद्यांचा वाडा आहे. भीमेच्या काठी पेडगावचा किल्ला आहे. याच रस्त्यानं सरळ पुढे गेलं की १४९० साली वसलेलं अख्खं नगर शहर आहे. यातलं काहीही त्या भिंतींवर नाही.

यावर चिडणं सोपं आहे. चिडून झालं की आपण पुन्हा मिसळीकडे वळतो. पण माझं भांडण व्हेनिसशी नाही. हॉटेलवाल्यानं निदान लांबचं शहर लावलंय, त्याच्याबद्दल तो खोटं बोलत नाही. माझं भांडण आपल्याच जुन्या शहरांच्या, आपल्याच माणसांनी काढलेल्या चित्रांशी आहे. त्या चित्रांतून तारा पुसल्या जातात. तारांबरोबर आणखी बरंच काही पुसलं जातं. आणि ते पुसलं गेल्यामुळे खरी शहरं पडत असताना आपल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही.

माझी मागणी साधी आहे. जुन्या शहराचं चित्र लहान असावं, तैलरंगात असावं, जागेवर बसून काढलेलं असावं, आणि त्यात तारा असाव्यात.

ते चित्र तुम्ही पाहिलेलं आहे

एक दिंडी दरवाजा. दरवाज्यावर डावीकडून पडलेलं सोनेरी ऊन. पायरीवर नऊवारीतली आजी, किंवा पाठमोरी हंडेवाली. भिंतीला टेकलेली एक सायकल. वर सज्जा, सज्जावर वेल, वेलीजवळ दोन कबुतरं. रस्ता ओला, म्हणजे त्यात दरवाज्याचं प्रतिबिंब घालता येतं. पुण्याचा वाडा असो, वाईचा असो, नाशिकचा असो की कोल्हापूरचा, चित्र हेच. खाली गावाचं नाव बदललं की झालं.

आता चित्रकार जिथं उभा होता तिथं तुम्ही उभे राहा. दरवाज्याच्या बाजूला विजेच्या मीटरचे खोके आहेत, एकावर एक, सात-आठ. त्यातून निघालेल्या तारा सज्जावरून पलीकडच्या इमारतीत गेल्यात. त्यांच्यावरून केबलवाल्याच्या तारा. निम्म्या छपरावर पत्रा, निम्म्यावर निळी ताडपत्री. वर पाण्याची काळी टाकी. दारात तीन दुचाक्या. कोपऱ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सखाली चहाची गाडी. माणसं याच वाड्यात राहतात, याच तारांवर त्यांचा पंखा चालतो.

चित्रकाराला हे सगळं दिसतं. त्याचे डोळे तुमच्या-माझ्यापेक्षा तयार आहेत. तो जाणूनबुजून सोडतो. विचारलं तर म्हणतो, कंपोझिशनमध्ये बसत नाही. सायकल बसते, अॅक्टिवा बसत नाही. वेल बसते, केबल बसत नाही. एकाच जाडीच्या दोन वाकड्या रेघा, त्यातली एक सौंदर्य आणि दुसरी अडचण! हा नियम कुठल्या रंगशास्त्रातून येत नाही. तो बाजारातून येतो. गाव सोडून गेलेल्या माणसाला आठवणीतलं गाव हवं असतं आणि पैसे तोच देतो.

आता मुद्द्याचं. वाडा का पडतो? चार पिढ्यांत वारस वाढतात आणि सातबाऱ्यासारखंच इथंही नावांचं शेपूट लांबतं. भाडेकरू जुना, भाडं जुनं, त्यामुळे दुरुस्तीला कुणी खिशात हात घालत नाही. प्रकरण कोर्टात जातं. एका पावसाळ्यात मागची भिंत बसते. मग सागवानी खांब आणि महिरपी उतरवून विकल्या जातात. त्या कुठल्यातरी रिसॉर्टच्या जेवणघरात पुन्हा उभ्या राहतात. उरलेल्या जागेवर इमारत येते.

सोनेरी चित्रात यातलं काही नसतं. वारसांची भांडणं मीटरच्या आठ खोक्यांत दिसली असती, ते खोके पुसले. गळकं छप्पर ताडपत्रीत दिसलं असतं, ती पुसली. राहणारा माणूस दुचाकीत दिसला असता, ती पुसली. मग वाडा पडतो, त्या जागेवर मिळालेल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्याच वाड्याचं चित्र सोफ्याच्या वर लागतं, आणि घरातल्या कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नाही. चित्रानं वाडा पाडला असं मी म्हणत नाही. पण पडणाऱ्या वाड्याकडे न बघण्याची सोय चित्रानं केली, एवढं मी नक्की म्हणतो.

हा धंदा जुनाच आहे

शहराचं छोटं तैलचित्र ही वस्तूच मुळात प्रवाशासाठी जन्मली, असं कुणी म्हणेल. ते बरंचसं खरं आहे. अठराव्या शतकात श्रीमंत इंग्रज तरुण शिक्षणाचा शेवट म्हणून युरोपची सफर करायचे आणि व्हेनिसहून परतताना तिथलं दृश्य घेऊन यायचे. कानालेत्तो या चित्रकाराचं गिऱ्हाईक प्रामुख्यानं इंग्रज होतं. व्हेनिसमधला जोसेफ स्मिथ नावाचा इंग्रज त्याची चित्रं पुढे पोचवायचा. या स्मिथचा संग्रह १७६२ साली इंग्लंडच्या राजानंच विकत घेतला. कानालेत्तोनंतरच्या फ्रान्चेस्को ग्वार्दीनं तर तळहातात मावतील अशी दृश्यंही काढली. त्यातली काही निव्वळ कल्पनेतली होती. पडकी कमान इथली, पाणी तिथलं, आभाळ तिसरीकडचं. चित्रांतलं व्हेनिस झळाळत होतं आणि खरं व्हेनिस उतरणीला लागलं होतं. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपलं.

या वाटेचं दुसरं टोक चीनमध्ये आहे. शेन्झेनजवळच्या डाफेन या गावात १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक व्यापारी आला आणि मागणीनुसार तैलचित्रं बनवून घेऊ लागला. पुढे तिथं हजारो माणसं हेच काम करू लागली. व्हेनिस कधीही न पाहिलेला कारागीर फोटोवरून व्हेनिस रंगवतो आणि ते जगभरच्या हॉटेलांत जातं. दौंड रस्त्यावरची छापील व्हेनिसं त्याच घराण्यातली. डाफेनच्या कारागिराला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो पोट भरतोय. पण फोटो समोर ठेवून, न बसता, न पाहता सोनेरी दिंडी दरवाजा रंगवणारा आपला चित्रकार त्याच्यापेक्षा वेगळं काय करतो, हे मला कुणीतरी सांगावं. अंतर कमी आहे, एवढंच.

सोळा सेंटिमीटरची भिंत

पण याच अठराव्या शतकात दुसरंही काहीतरी घडलं. थॉमस जोन्स नावाचा वेल्समधला एक चित्रकार नेपल्समध्ये राहत होता. मोठी चित्रं विकली जात नव्हती. १७८२ च्या सुमारास त्यानं कागदाच्या एका तुकड्यावर तैलरंगात समोरची भिंत काढली. राजवाडा नाही, चर्च नाही, समुद्र नाही. गिलावा उडालेली भिंत, एक बाल्कनी, बाल्कनीवर वाळत घातलेले कपडे, आणि बाल्कनीखाली भिंतीवरून ओघळलेल्या पाण्याचा डाग. वर निळ्या आभाळाची चिंचोळी पट्टी.

हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याचा आकार साधारण अकरा बाय सोळा सेंटिमीटर. तुमच्या हातातला फोन आडवा धरा. लांबी जवळपास तेवढीच, उंची थोडी जास्त. त्या काळी असलं चित्र कुणी विकत घेतलं नसतं, त्यामुळे गिऱ्हाइकासाठी काही पुसायचं कारणच नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जोन्सची ही लहान चित्रं फारशी कुणाला माहीत नव्हती. आज नेपल्सचं त्या दुपारचं ऊन पाहायचं असेल तर लोक त्या ओघळलेल्या डागासमोर उभे राहतात.

त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं डेल्फ्टमधलं व्हर्मीरचं चित्र घ्या. १६५८ च्या सुमाराचं, 'छोटी गल्ली' या नावानं ओळखलं जाणारं. उंची चोपन्न सेंटिमीटर. विटांचं एक घर, विटांत तडे, तडे बुजवलेले दिसतात. दारात एक बाई शिवणकाम करतेय, बोळात दुसरी पिंपाशी वाकलीय, दोन पोरं जमिनीवर खेळतायत. हे घर नक्की कुठलं यावर खूप वाद झाले. २०१५ मध्ये फ्रान्स ग्रेझनहाउट या अभ्यासकानं १६६७ च्या एका करवहीतली घरांची आणि बोळांची मापं चित्राशी ताडून पाहिली आणि पत्ता मांडला. त्या पत्त्यावर व्हर्मीरची आत्या राहायची. ती विधवा होती, पोरांना वाढवण्यासाठी वजडी विकायची. तो बोळही वजडीच्याच नावानं ओळखला जायचा.

साडेतीनशे वर्षांनी वजडी विकणाऱ्या आत्याचं दार सापडलं असं त्यांना म्हणता आलं, कारण चित्रकारानं बोळ बोळाच्या जागी ठेवला होता आणि तडे तड्यांच्या. आपल्या सोनेरी दिंडी दरवाज्यावरून साडेतीनशे वर्षांनी कुणी काय शोधणार? चित्रातला दरवाजा कुठल्या पेठेतला हे आजच सांगता येत नाही.

चित्रावरून शहर उभं राहतं, तेव्हा

चित्र म्हणजे शेवटी शोभेची वस्तू, एवढं काय त्यात, असं वाटत असेल तर वॉर्सा पाहा. १९४४ मध्ये नाझींनी पोलंडची ही राजधानी ठरवून, घर-घर उडवून जमीनदोस्त केली. युद्धानंतर जुनं शहर पुन्हा उभारताना तिथल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आधी घेतलेली मोजमापं कामी आली. त्यांच्याबरोबर कामी आली ती कानालेत्तोच्या भाच्यानं, बेर्नार्दो बेलोट्टोनं, अठराव्या शतकात काढलेली वॉर्साची दृश्यं. ती आकारानं मोठी आहेत, पण मुद्दा आकाराचा नाही. बेलोट्टोनं काही इमारती होत्या त्यापेक्षा थोड्या सजवून काढल्या होत्या. काही ठिकाणी त्या सजावटीवरूनच नवं बांधकाम झालं. चित्रकारानं दोनशे वर्षांपूर्वी केलेली मखलाशी दगड-चुन्यात उतरली.

आपल्याकडे शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आत कसा होता? त्या दरबाराचं एक चित्र आहे, ते लंडनच्या टेट संग्रहालयात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इंग्रज वकील मॅलेटबरोबर पुण्यात होता. त्यानं पेशव्यांची, नाना फडणविसांची, आमच्या श्रीगोंद्याशी ज्यांचं नाव जोडलंय त्या महादजी शिंद्यांचीही चित्रं काढली. १७९५ मध्ये वेल्स वारला. त्याच्या रेखाटनांवरून मॅलेटच्या तहाचा दरबार थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये इंग्लंडात बसून पूर्ण केला. आपल्या सगळ्यात प्रसिद्ध वाड्याच्या आतलं हे दृश्य हवं तर दुसऱ्याच्या रेखाटनावरून, दुसऱ्याच देशात, इंग्रज वकिलाच्या गौरवासाठी रंगवलेलं पाहायचं. त्यात काय पुसलंय आणि काय घातलंय हे विचारायला आज वाडाच नाही.

याच वेल्सच्या हाताखाली, पुण्यात, एक मराठी माणूस तयार झाला होता. गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळ, कार्ले इथली लेणी त्यानं जागेवर जाऊन काढली. त्याची पुष्कळ कामं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स गेला आणि ती शाळा संपली. पेठेतला माणूस पेठेसमोर बसून पेठ काढतोय, ही गोष्ट तिथंच खुंटली. जे काढलं ते लेणं होतं, राहतं घर कुणी काढायला सांगितलंच नाही.

पुढे तशी माणसं झाली नाहीत असं नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ पर्यंत कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर पुन्हा पुन्हा काढत राहिले, एकाच गावात, एकाच पाण्याशी. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे पुन्हा पुन्हा जाणं. आपण घेतलं काय, तर पाण्यातलं प्रतिबिंब.

लहान का, आणि तैलरंगच का

लहान असण्याचं कारण घड्याळात आहे. जागेवर बसलात की ऊन दीड-दोन तासांत सरकतं. सहा बाय आठ इंचाची पाटी तेवढ्यात पुरी होते. तीन फुटी कॅनव्हास होत नाही. मग तो घरी जातो, फोटोवरून पूर्ण होतो, आणि पुसापुशी नेमकी घरीच होते. समोर वाडा असताना मीटरचे खोके गाळायला थोडी तरी लाज वाटते, घरात ती वाटत नाही.

दुसरं, लहान पाटीवर नक्षीला जागाच नसते. महिरपीच्या पाकळ्या मोजत बसता येत नाही. मोठे डाग मांडावे लागतात. हा अंधार, हा उजेड, ही निळी ताडपत्री. आणि खरं सांगायचं तर आपल्या कुठल्याही जुन्या गल्लीत सगळ्यात ठसठशीत रंगाचा डाग ताडपत्रीचाच असतो. तो खरा काढला की शेजारचा विटांचा तांबूस रंग आपोआप खरा दिसतो. तो काढून टाकला की सगळी गल्ली चहाच्या रंगाची होते. सोनेरी चित्रं सोनेरी का असतात, त्याचं एक कारण हेही आहे.

तैलरंगाबद्दल. महाराष्ट्रात जलरंगाची परंपरा फार मोठी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण जलरंगात कागदाचा पांढरा कुठे सोडायचा ते आधी ठरवावं लागतं, आणि ज्याला आधी ठरवायचं असतं तो हळूहळू ठरलेलंच काढू लागतो. तैलरंगात समोर टेम्पो येऊन थांबला तर तो घालता येतो. गेला तर चाकूनं खरवडता येतो. पुन्हा आला तर पुन्हा घालता येतो. रस्ता जसा वागतो तसं या रंगाला वागता येतं.

आणि हा रंग महाग, परका, मुंबईच्या लोकांचा, हा गैरसमज काढून टाका. तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून शेकडो वर्षं टिकतं. पिवळी माती आणि गेरूसारखी लाल माती या रंगांच्या मुळाशी आहे. पांढरा, यलो ऑकर, एक लाल आणि अल्ट्रामरीन निळा, एवढ्या चार ट्यूबांत नगरची अख्खी माळीवाडा वेस निघते. पाटी म्हणजे फर्निचरवाल्याकडे उरलेला प्लायचा तुकडा, त्यावर प्रायमरचे दोन हात. ओली चित्रं एसटीतून आणायची असतील तर दोन पाट्या समोरासमोर धरा, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा, वरून रबर लावा. रंगाला रंग लागत नाही.

फोन आहे की!

आता तुमचा आक्षेप. खिशात कॅमेरा असताना दोन तास उन्हात कशाला बसायचं? नोंदच हवी असेल तर फोटोत तारा येतातच.

येतात. पण तुमच्या गॅलरीत पेडगावच्या किल्ल्याचे किती फोटो आहेत ते पाहा. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांना कैद करून जिथं आणलं ती ही जागा. २०२५ मध्ये 'छावा' पाहिल्यावर तिचं नाव सगळ्यांना कळलं. फोटोत तुम्ही आहात, मागे तटबंदी आहे. लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या भिंतीवरचं कोरीवकाम किती झिजलंय, तटाचा कुठला भाग बाभळीनं फोडलाय, हे त्यातल्या कुठल्या फोटोवरून आठवतं का? फोटो काढला की आपण पाहून झालं असं समजतो. दोन तास बसलेल्या माणसाला मात्र मुळी कुठून शिरलीय ते पाठ होतं. शिवाय तिथली माणसं येऊन उभी राहतात, विचारतात, भांडतात, सांगतात. कुणाचं घर, कधी पडलं, कोण कोर्टात गेलं. रील काढणाऱ्याला कुणी हे सांगायला थांबत नाही, आणि त्यालाही वेळ नसतो.

दुसरा आक्षेप चित्रकारांचा. तारा घातल्या की चित्र विकलं जात नाही, आम्ही काय खायचं? प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण विकत न घेतलं जाण्याची भीती मोठ्या चित्राला जास्त असते. लहान पाटीचा खर्च कमी, वेळ कमी, म्हणून किंमतही अशी ठेवता येते की ती गल्लीतलाच माणूस देऊ शकेल. आणि गल्लीतल्या माणसाला दुचाकी खुपत नाही. ती त्याचीच असते. गाव सोडलेल्या गिऱ्हाइकासाठी गावात राहणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण पुसून टाकलं, आणि वर म्हणतो, इथं चित्रं कुणी घेत नाही.

तिसरा आक्षेप, हे सगळं बकालपणाचं कौतुक आहे. अजिबात नाही. लोंबकळणाऱ्या तारा वाईट दिसतात, धोकादायकही असतात. म्हणूनच त्या काढायच्या. नगरपालिकेच्या सभागृहात गावाची तारांसकट वीस चित्रं लागली तर त्या तारांबद्दल कुणीतरी बोलेल. सोनेरी चित्र लागलं तर सगळे मिळून म्हणतील, आपलं गाव किती सुंदर आहे, आणि पुढचा विषय घेतील.

सात गुणांची चित्रकला

या पुसापुशीचं शिक्षण शाळेतच मिळतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा महाराष्ट्रातली लाखो मुलं देत आलीत. काष्टी-श्रीगोंद्याच्या शाळांतूनही देतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, असे विषय. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, बीला पाच, सीला तीन. गुण मिळाले की ब्रश माळ्यावर.

यात बाहेर जाऊन समोरची इमारत काढायचा एकही पेपर नाही. स्मरणचित्राचं नाव स्मरणचित्र आहे, पण मुलं स्मरतात ते क्लासमध्ये घटवलेलं. बाजाराचं दृश्य म्हटलं की छत्रीवाली भाजीवाली, मागे डोंगर, डोंगरात सूर्य. काष्टीतल्या पोरानं दर शनिवारी खरा बाजार पाहिलाय. शिंगांना रंग लावलेले बैल, रुमालाखाली बोटं धरून ठरणारे भाव, छोट्या हत्तीत चढायला नकार देणारं खोंड, शेणात रुतलेल्या चपला. त्याच्या स्मरणचित्रात मात्र पुस्तकातला डोंगर येतो. काष्टीच्या बाजारातून कुठला आलाय असा डोंगर? तेरा वर्षांच्या मुलाला आपण शिकवतो की समोर दिसतं ते चित्रात बसत नाही. पुढे तो चित्रकार झाला तर वाड्याच्या तारा पुसतो आणि गिऱ्हाईक झाला तर तसंच चित्र विकत घेतो.

म्हणून सुरुवात इथूनच करावी लागेल, आणि त्यासाठी सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. श्रीगोंद्याच्या शिंद्यांच्या वाड्यासमोर चार पोरांनी रविवारी बसायला कुणाची परवानगी लागत नाही. शेख महंमद महाराजांच्या गावात गल्ल्यांना तोटा नाही. नगरला गेलात तर चांदबिबीचा महाल म्हणून जी वास्तू सगळे दाखवतात ती मुळात सलाबतखानाची कबर आहे, हे तिच्यासमोर दोन तास बसल्यावर कुणीतरी सांगेलच. फराहबाग आहे, दिल्ली दरवाजा आहे, वेशीतून वाट काढणाऱ्या रिक्षा आहेत. आपल्या चित्रांत वाडा आणि देऊळ येतं. कबर, हमामखाना, वेस, धर्मशाळा, रेल्वेचं जुनं गोदाम येत नाही. तेही या तारांसारखंच बसत नाही म्हणून सुटलंय.

आणि हॉटेलवाल्यांना, मंगल कार्यालयवाल्यांना, साखर कारखान्याच्या संचालकांना एक सांगणं. व्हेनिस काढू नका, राहू द्या. त्याच्या शेजारी सहा बाय आठची एक पाटी लावा. श्रीगोंद्याची असो, पेडगावची असो, काष्टीच्या स्टेशनची असो. पैसे देऊन घ्या, फुकट मागू नका. त्यात ताडपत्री असेल, फ्लेक्स असेल, कदाचित फ्लेक्सवर तुमचाच फोटो असेल. तो पुसायला सांगू नका.

काढणाऱ्यांना शेवटचं. चित्र झालं की पाटी उलटी करा. मागे पेन्सिलीनं गावाचं नाव, गल्लीचं नाव, तारीख, वेळ आणि तुम्ही कुठल्या दुकानासमोर बसला होतात ते लिहा. त्या दिवशी कुणी त्या घराबद्दल काही सांगितलं असेल तर तेही दोन ओळींत. घर पुढच्या पावसाळ्यात असेल की नाही ते आपल्या हातात नाही, पण ते नेमकं कुठे होतं आणि कसं होतं हे लिहून ठेवणं आहे.